अल्बम जठारपेठेत रात्री बारालाच पोहोचतो, बँड मात्र मुंबईच्या अलीकडे येत नाही. असं का?

१४ नोव्हेंबर २०२४ ची रात्र. विधानसभेच्या मतदानाला सहा दिवस बाकी होते. अकोल्यात दिवसभर भोंगे लावलेल्या प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या. रात्री दहाला भोंगे बंद झाले, रस्ते शांत झाले. आणि बारा वाजता मोबाइलवर एक नोटिफिकेशन आलं. लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम 'फ्रॉम झीरो' आला होता.

सात वर्षांनंतर आलेला अल्बम. ज्या मिनिटाला तो मुंबईत वाजायला लागला, त्याच मिनिटाला जठारपेठेतही वाजायला लागला.

आता दुसरी बातमी बघा. हाच बँड जानेवारी २०२६ मध्ये भारतात येणार असं ठरलं. २३ ला बंगळुरू, आणि २४-२५ जानेवारीला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या लोलापालूझा इंडिया या फेस्टिव्हलच्या यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव होतं. ही घोषणा झाली तेव्हा भारतातल्या फॅन्सनी इन्स्टाग्राम डोक्यावर घेतलं. पण जठारपेठेतल्या फॅनसाठी इथून पुढे गणित बदलतं. गाणं फुकटात आणि वेळेवर घरी आलं, पण गाणाऱ्याला बघायचं तर ५८० किलोमीटर, दोन रात्री आणि काही हजार रुपये.

हा फरक नुसत्या अंतराचा आहे, असं वाटू शकतं. खरं म्हणजे गेल्या दहा वर्षांत संगीताचा धंदा ज्या पद्धतीनं बदलला, तो सगळा बदल या फरकात दडलेला आहे. तोच जरा नीट समजून घेऊ.

आधी हे लिंकिन पार्क प्रकरण काय आहे?

ज्यांना रॉकमधलं काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी 'झीरो' नावाचा बँड काढला. पुढे नाव बदलून लिंकिन पार्क झालं. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'हायब्रिड थिअरी'. रॉकची गिटार, रॅप आणि गळा फाटेपर्यंतचा आवाज, असं ते मिश्रण होतं. अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटीपेक्षा जास्त प्रती गेल्या. मार्च २००३ मध्ये 'मिटिओरा' आला आणि त्यातल्या 'नम्ब' या गाण्यानं हा बँड जगभरातल्या कॉलेजांच्या होस्टेलमध्ये जाऊन बसला.

गाण्यांचे विषय साधे होते. घुसमट, राग, आपण कुणाच्या अपेक्षेला पुरे पडत नाही ही भावना. इंग्रजी पूर्ण कळली नाही तरी आवाजातून ते पोहोचायचं. तो आवाज होता चेस्टर बेनिंग्टनचा.

२० जुलै २०१७ रोजी चेस्टर गेला. वय ४१. दोनच महिन्यांपूर्वी बँडचा सातवा अल्बम आला होता. ऑक्टोबरमध्ये त्याच्या आठवणीत एक मोठा कार्यक्रम झाला आणि मग बँड थांबला. पूर्णपणे.

सात वर्षं काही नाही. जुन्या गाण्यांचे खास संग्रह आले, न वापरलेली जुनी रेकॉर्डिंग्ज बाहेर आली. पण नवीन गायक, नवीन अल्बम, दौरा, यातलं काहीच नाही. बऱ्याच फॅन्सनी तर आशाच सोडली होती.

मग एक घड्याळ सुरू झालं

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी बँडच्या सोशल मीडियावर शंभर तासांचं उलटं मोजणारं घड्याळ दिसायला लागलं. कशाचं घड्याळ, काहीच सांगितलं नव्हतं. जगभरातले फॅन्स कामधंदा सोडून ते बघत बसले. घड्याळ शून्यावर आलं. आणि काय झालं? ते पुढे मोजायला लागलं. एक, दोन, तीन.

लोक वैतागले. 'येडं बनवलं' म्हणाले. पण बोलत राहिले, आणि बँडला तेच हवं होतं.

५ सप्टेंबरला लाइव्ह कार्यक्रमात उलगडा झाला. एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका, कॉलिन ब्रिटन हा नवा ड्रमर, नवं गाणं, नवा अल्बम आणि दौऱ्याच्या तारखा, सगळं एकदम जाहीर. अल्बमचं नाव 'फ्रॉम झीरो', म्हणजे शून्यापासून. बँडचं पहिलं नावही झीरो होतं. घड्याळ शून्यावरून पुढे का गेलं, ते तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

सगळे खूश झाले असं नाही. चेस्टरच्या जागी कुणी उभं राहूच नये, असं म्हणणारे बरेच होते. त्यात एमिलीच्या भूतकाळावरून वाद झाला. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात अडकलेल्या एका अभिनेत्याच्या पाठीशी ती एकदा कोर्टात उभी राहिली होती. त्या माणसाला ओळखण्यात आपण चुकलो, असं तिनं जाहीरपणे सांगितलं. काहींना ते पटलं, काहींना नाही. ते भांडण आजही कमेंट्समध्ये चालू आहे.

पण आकडे बघितले तर परतीचा हा डाव यशस्वी झाला. अल्बम येण्याआधी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकेक करून चार गाणी सोडली गेली. त्यातलं एक 'लीग ऑफ लेजंड्स' या व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेचं गाणं होतं. म्हणजे ज्यांनी कधी रॉक ऐकलं नाही, त्या गेम खेळणाऱ्या पोरांपर्यंतही बँड पोहोचला. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आणि अमेरिकेच्या यादीत दुसरा आला. मे २०२५ मध्ये म्युनिकला चॅम्पियन्स लीगची फुटबॉल फायनल झाली, तेव्हा सामन्याआधीचा कार्यक्रम याच बँडचा होता.

हे सगळं वऱ्हाडात पोहोचलं कसं?

अकोल्यात 'बँड' म्हटलं की अजूनही आधी डोळ्यांसमोर येतो तो लग्नाच्या वरातीतला. कावड यात्रेतले ढोल आणि मिरवणुकीतला डीजे हा इथला मोठा आवाज. कुणी विचारलं, की रॉक ऐकणारी पोट्टी इथे आली कुठून, तर त्याला टप्प्याटप्प्यानं उत्तर देता येतं.

पहिला टप्पा एमपी३ सीडीचा. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी, त्यात हिंदी सिनेमाच्या गाण्यांना लागून इंग्रजी 'बेस्ट ऑफ'. दुसरा टप्पा मेमरी कार्डचा. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं आणि थोडे पैसे देऊन गाणी भरून घ्यायची. त्यात एखादं 'नम्ब' कुणी न मागताही यायचं. तिसरा टप्पा सिनेमाचा. २००७ चा 'ट्रान्सफॉर्मर्स' आणि त्याचा पुढचा भाग, दोन्हींत लिंकिन पार्कचं गाणं होतं. हिंदीत डब झालेला सिनेमा टीव्हीवर बघणाऱ्यांनाही शेवटची धून पाठ झाली.

या तिन्ही टप्प्यांत एक गोष्ट सारखी होती. बँडला पत्ताच नव्हता. अकोल्यात आपले किती चाहते आहेत, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. डेटा स्वस्त झाला, यूट्यूब खिशात आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. इथून पुढे जठारपेठेतला फॅन पहिल्यांदा मोजला जायला लागला. कोणत्या शहरात कोणतं गाणं किती वेळा वाजलं, हे आता बँडच्या मॅनेजरला स्क्रीनवर दिसतं.

अल्बम शुक्रवारीच का येतो?

पूर्वी प्रत्येक देशाचा दिवस वेगळा होता. ब्रिटनमध्ये नवीन अल्बम सोमवारी यायचा, अमेरिकेत मंगळवारी, जर्मनीत शुक्रवारी. एका देशात आला की दुसऱ्या देशात पायरसी सुरू व्हायची. म्हणून १० जुलै २०१५ पासून जगातल्या मोठ्या कंपन्यांनी एकच दिवस ठरवला, शुक्रवार. आणि वेळ त्या-त्या देशाची मध्यरात्र.

या नियमाची गंमत बघा. भारतात शुक्रवार लागतो तेव्हा नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये गुरुवारचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे ज्या शहराच्या आसपास हा बँड जन्माला आला, तिथली मध्यरात्र व्हायला अजून साडेतेरा तास बाकी असतात, आणि अकोल्यात मध्यरात्र झालेली असते.

एखाद्या जागतिक गोष्टीत छोट्या शहराला असा मान क्वचित मिळतो. मोठा मॉल आधी पुण्यात येतो, मग नागपुरात, मग जमलं तर अकोल्यात. अल्बमच्या बाबतीत असा क्रम नाही. म्हणूनच इथल्या फॅनसाठी अल्बमची वाट बघणं हा मोठा सोहळा असतो. त्यात तो कुणाच्याही मागे नसतो. 'प्री-सेव्ह'चं बटण आधीच दाबून ठेवायचं, बाराला हेडफोन लावायचा आणि साडेबाराला ग्रुपवर मत टाकायचं. 'फ्रॉम झीरो' तर जेमतेम बत्तीस मिनिटांचा. साडेबारा वाजता अख्खा ऐकून होतो.

पण त्या फॅनची किंमत किती?

आता येतो खरा मुद्दा. मोजलं जाणं वेगळं आणि त्या मोजण्याला किंमत असणं वेगळं.

स्पॉटिफायवर एखाद्या बँडच्या नावाखाली 'मंथली लिसनर्स'चा आकडा दिसतो. गेल्या २८ दिवसांत किती वेगवेगळ्या लोकांनी ऐकलं, तो हा आकडा. त्यात न्यूयॉर्कचा एक माणूस एक, आणि जठारपेठेतली मुलगी पण एक. इथे बरोबरी आहे.

पैशात मात्र नाही. स्ट्रीमिंग कंपनी एका गाण्याचा ठरावीक भाव देत नाही. त्या देशात महिन्याला जमा झालेल्या पैशातला साधारण दोन तृतीयांश वाटा एका भांड्यात जातो, आणि त्या देशात एकूण जितकी गाणी वाजली त्या प्रमाणात तो वाटला जातो. भारतात २०१९ मध्ये महिन्याची वर्गणी ११९ रुपयांपासून सुरू झाली. पुढे दर वाढले, तरी अमेरिकेतल्या २०२४ च्या ११.९९ डॉलरच्या, म्हणजे हजारावर रुपयांच्या तुलनेत ते बरेच कमी आहेत. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण जाहिराती ऐकत फुकट ऐकतात. म्हणजे भांडं छोटं आणि वाटेकरी जास्त. साहजिकच भारतातल्या एका स्ट्रीमची किंमत अमेरिकेतल्या स्ट्रीमपेक्षा खूप कमी पडते.

अजून एक गोष्ट. समजा जठारपेठेतल्या एका मुलीनं वर्गणी भरली आणि महिनाभर फक्त लिंकिन पार्कच ऐकलं. तिचे सगळे पैसे लिंकिन पार्कला गेले का? नाही. ते देशाच्या भांड्यात गेले. भारतात सगळ्यात जास्त वाजतात हिंदी-पंजाबी गाणी, त्यामुळे त्यातला मोठा हिस्सा तिकडे गेला. तिच्या आवडत्या बँडला मिळाला तो एकूण भांड्यातला त्यांच्या गाण्यांपुरता छोटा तुकडा.

आणि ज्या यादीची जगभर चर्चा होते, त्या 'बिलबोर्ड २००' मध्ये तिचं ऐकणं धरलंच जात नाही. त्या यादीत फक्त अमेरिकेतलं ऐकणं आणि विक्री मोजतात. 'आपण सगळ्यांनी मिळून अल्बम नंबर वन करूया' असे मेसेज ग्रुपवर फिरतात. अमेरिकेच्या यादीसाठी वऱ्हाडातून रात्रभर गाणी वाजवून काही फरक पडत नाही.

मग बँड कमावतो कुठून?

कॉन्सर्टमधून. तिकीट, टी-शर्ट, प्रायोजक.

पूर्वी कार्यक्रम व्हायचे ते अल्बम विकला जावा म्हणून. आता अल्बम येतो तो कार्यक्रमाची तिकिटं विकली जावीत म्हणून. भारतात याची सुरुवातीची एक झलक २०१० मध्ये दिसली होती. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडनं '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम विकायला काढलाच नाही. महिन्याला एक गाणं, वेबसाइटवर फुकट. गाणी लोकांपर्यंत जाऊ देत, पोट कार्यक्रमांवर भरेल, असं ते साधं गणित होतं. तेव्हा लोकांना ते धाडस वाटलं. आज जवळपास सगळा धंदाच त्या गणितावर चालतो.

भारतात हे गणित किती मोठं झालंय, ते कोल्डप्लेनं दाखवलं. २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा साधारण दीड लाख तिकिटांसाठी सव्वा कोटीहून जास्त लोक लॉग इन झाल्याचं सांगण्यात आलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोनाचे तीन कार्यक्रम झाले. अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंतची तिकिटं दुसऱ्या साइट्सवर लाखांच्या घरात गेली. काळ्या बाजाराच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी चौकशी केली. मग २५ आणि २६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर कार्यक्रम झाले, दोन्ही दिवस लाखाच्या वर गर्दी. रेल्वेला मुंबई-अहमदाबाद खास गाड्या सोडाव्या लागल्या. दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, पंतप्रधान मोदींनी भुवनेश्वरच्या भाषणात कोल्डप्लेचं उदाहरण देऊन 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'ला देशात किती वाव आहे, हे सांगितलं.

त्याच लाटेवर लोलापालूझा आहे. २०२३ पासून मुंबईत दरवर्षी होतोय. इमॅजिन ड्रॅगन्स, स्टिंग, ग्रीन डे असे लोक येऊन गेले. २०२६ साठी लिंकिन पार्क.

जठारपेठ ते महालक्ष्मी: एका वारीचा हिशोब

पुन्हा त्या मुलीकडे येऊ. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे असं समजा. तिला २५ जानेवारीला महालक्ष्मीला पोहोचायचंय.

अडचण पहिली, तिकिटाची वेळ. फेस्टिव्हलची तिकिटं चार-पाच महिने आधी विकायला निघतात, आणि जसजसा उशीर होतो तसतशी महाग होतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय. म्हणजे कार्यक्रमाचं तिकीट काढताना गाडीत जागा मिळेल की नाही, हे तिला माहीतच नसतं. मुंबईच्या फॅनला हा प्रश्नच पडत नाही. तो तिकीट काढतो आणि त्या दिवशी लोकल पकडतो.

दुसरी अडचण, सुट्टीची. २४ ला शनिवार, २५ ला रविवार आणि २६ ला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. कॉलेज बुडणार नाही ही चांगली गोष्ट. पण सलग तीन सुट्ट्या म्हणजे मुंबईच्या गाड्यांना आधीच गर्दी.

तिसरी अडचण, परतीची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे कार्यक्रम दहापर्यंत चालतो. अकोल्याला येणाऱ्या रोजच्या भरवशाच्या गाड्या, विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती एक्स्प्रेस, मुंबईहून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटतात. म्हणजे मोठा बँड स्टेजवर येण्याच्या आसपास तिची गाडी निघून गेलेली असते. मुंबईत नातेवाईक नसेल तर रात्रीची खोली आली. एकट्या मुलीला घरचे सोडतील का, हा प्रश्न आला. मग सोबत म्हणून भाऊ किंवा मैत्रीण. खर्च दुप्पट.

गाडीचं स्लीपरचं भाडं एका बाजूनं चारशेच्या आतबाहेर आहे. खर्चात ते सगळ्यात छोटं. मोठं आहे ते तिकीट, खोली, आतलं महागडं खाणं-पाणी, आणि घरच्यांना पटवणं.

कोल्डप्लेच्या वेळी एक गोष्ट वेगळी होती. वऱ्हाडासाठी अहमदाबाद तसं सोयीचं. चेन्नईहून येणारी नवजीवन एक्स्प्रेस बडनेरा, अकोला करत थेट अहमदाबादला जाते. शिवाय कोल्डप्लेनं काही तिकिटं फक्त दोन हजारांना काढली होती. जोडीनंच घ्यायची आणि जागा कुठली ते त्या दिवशीच कळणार, अशी अट. २६ जानेवारीचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. जो पोहोचू शकत नाही त्याचाही विचार करता येतो, हे यातून दिसलं. असं करणारे बँड अजून मोजके आहेत.

अकोल्यातच का येत नाहीत?

भावनिक उत्तर सोपं आहे, 'छोट्या शहरांना कुणी विचारत नाही'. व्यावहारिक उत्तर जरा लांबलचक आहे.

मोठा बँड येतो तेव्हा शेकडो माणसं आणि टनावारी सामान बरोबर येतं. त्याला मोठा विमानतळ लागतो. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी विमान उडत नाही, धावपट्टी वाढवण्याचं काम वर्षानुवर्षं चर्चेत आहे. अमरावतीला एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण ती छोट्या एटीआर विमानाची. मग लागतं हजारोंचं मैदान, वीज, पार्किंग, हॉटेलच्या शेकडो खोल्या. आणि मुख्य म्हणजे चार-पाच हजारांचं तिकीट घेणारी तीस-चाळीस हजार माणसं. वसंत देसाई स्टेडियम भरेलही, पण त्या भावात भरेल का? आयोजक हा धोका घेत नाही.

म्हणजे लिंकिन पार्क अकोल्यात येणं अवघडच. तो हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण मधल्या आकाराचा भारतीय बँड? काही हजारांची गर्दी, तीनशे-चारशेचं तिकीट? ते जमू शकतं. त्यासाठी कुणीतरी स्थानिक माणूस, कॉलेज किंवा संस्था पुढे यावी लागते. प्रमिलाताई ओक सभागृहासारख्या जागा अकोल्यात पूर्वीपासून आहेत. गाण्याला गर्दी होते हे मिरवणुका दरवर्षी दाखवतात. अडतं ते तिकीट काढून ऐकायची सवय नसण्यावर, आणि सवय लागेल असे कार्यक्रमच न होण्यावर. कोंबडी आधी की अंडं, तसला हा प्रकार.

आपल्याकडच्या बँडचं काय?

या सगळ्यात एक चांगली बाजू आहे. दिल्लीचा 'ब्लडीवुड' बघा. यूट्यूबवर गमतीगमतीत पॉप गाण्यांना मेटलचा तडका देत सुरुवात केली. मग स्वतःची गाणी, गिटारबरोबर ढोल, हिंदी-पंजाबी-इंग्रजी एकत्र. २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन फेस्टिव्हलमध्ये वाजवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिला मूळ गाण्यांचा अल्बम 'रक्षक' स्वतःच्या बळावर काढला. मार्च २०२५ मध्ये आलेला 'नू दिल्ली' मात्र अमेरिकन लेबलवर होता, आणि त्यात जपानच्या बेबीमेटल या बँडबरोबर गाणं होतं. या अल्बमची वाट भारताइतकीच युरोपातले लोक बघत होते. म्हणजे रस्ता उलट्या दिशेनंही चालतो. मराठीत मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' अभंगांना गिटार-ड्रमची साथ देतोय, आणि त्याला ऐकणारे फक्त मुंबईत नाहीत.

वाईट बाजूही आहे. २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केला, की वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला पैसे मिळणार नाहीत. लिंकिन पार्कला याचा काही फरक पडत नाही. पण समजा अकोल्यातल्या चार पोरांनी स्वतः लिहिलेलं वऱ्हाडी रॉक गाणं टाकलं आणि ते ९०० वेळा वाजलं, तर त्याची रॉयल्टी शून्य. लिंकिन पार्कसाठी शून्य हे अल्बमचं नाव होतं, या पोरांसाठी तो खात्यावरचा आकडा असतो.

इथे मात्र जठारपेठेतल्या फॅनच्या ऐकण्याला वजन आहे. लिंकिन पार्कच्या अब्जावधी स्ट्रीममध्ये तिचे शंभर कुठेच दिसत नाहीत. गावातल्या बँडच्या ९०० मध्ये तिचे शंभर मिळवले की गाणं हजारावर पोहोचतं.

मग फॅननं करायचं काय?

लिंकिन पार्क ऐकणं बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. ज्या बँडनं दहावी-बारावीत, पहिल्या नापासात, पहिल्या नोकरीच्या शोधात सोबत केली, त्याची सात वर्षं वाट बघणं आणि त्याला डोळ्यांनी बघावंसं वाटणं, यात काही चूक नाही. जमत असेल तर जावं. साठ दिवस आधीच्या तारखेचा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवावा. त्या दिवशी सकाळी आरक्षण उघडल्या-उघडल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीचं मुंबईचं तिकीट काढून घ्यावं. मग दोन दिवसांनी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची परतीची गाडी, आणि नंतर खोली. तिकीट अधिकृत साइटवरूनच घ्यावं. इन्स्टाग्रामवर 'एक एक्स्ट्रा आहे' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत. कोल्डप्लेच्या वेळी तसे फसलेले अनेक जण आहेत.

आणि जमत नसेल तर? पुढचा अल्बम जेव्हा केव्हा येईल, तेव्हा तो शुक्रवारी येईल. बरोबर बारा वाजता. जठारपेठेत आधी, लॉस एंजेलिसमध्ये नंतर. त्यासाठी गाडीचं आरक्षण लागत नाही.